पुणे ते सासवड : मार्ग रुंद होताना

ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून श्रीज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचे प्रस्थान झाले, की वृत्तपत्रांचे रकाने भरू लागतात. पहिल्या दिवशी गर्दीचा आकडा, दुसऱ्या दिवशी बंद रस्त्यांची यादी, तिसऱ्या दिवशी दिवे घाटाचे छायाचित्र. नंतर सोहळा वाखरीस पोचेपर्यंत बहुधा मौन. या छायाचित्रातला नागमोडी घाट आता बदलतो आहे, आणि तो बदल नुसता डांबराचा नाही. म्हणून या वाटेवरील एका दिवसाचा, पुणे ते सासवड या चालीचा, विचार येथे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

संपूर्ण वाटचालीतील ही सर्वांत मोठी मजल. अंतर सुमारे तीस किलोमीटर. तिथीचा हिशेब असा, की पुण्यातील मुक्काम आटोपून हा टप्पा बहुधा एकादशीच्या आसपास येतो. म्हणजे सर्वांत लांब चाल आणि पुष्कळांच्या पोटी उपवास. पहाटे पुण्यातून निघावयाचे, शिंदे छत्री, हडपसर, उरुळी देवाची अशी विसाव्याची ठिकाणे घेत दुपारी वडकी नाला गाठावयाचा आणि तेथून मस्तानी तलाव दृष्टीस पडतो न पडतो तोच घाट चढावयास लागावयाचे. रथाला वाढीव बैलजोड्या जुंपल्या जातात. रथापुढे सत्तावीस दिंड्या, मागे शेकडो. माथ्यावर झेंडेवाडीचा विसावा, आणि दिवेलागणीच्या सुमारास कऱ्हेकाठी सोपानदेवांचे सासवड. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात या सोहळ्यास जी शिस्त लावून दिली, तिची खरी कसोटी याच दिवशी लागते. दिंडीची चाल ठरते ती अभंगाच्या ठेक्यावर; सत्तरीची माउली आणि विशीचा तरुण एकाच पावली चढतात. तरुणाला घाई करता येत नाही आणि म्हातारीला मागे राहावे लागत नाही.

आता मार्गाकडे वळू. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाचा कोनशिला समारंभ झाला. दिवे घाट ते मोहोळ हा श्रीज्ञानेश्वर महाराज पालखी मार्ग सुमारे २२१ किलोमीटरचा. पाटस ते तोंडले-बोंडले हा श्रीतुकाराम महाराज पालखी मार्ग सुमारे १३० किलोमीटरचा. दोन्हींच्या कडेला वारकऱ्यांसाठी स्वतंत्र पायवाट राखण्याचे शासनाने तेव्हाच जाहीर केले.

रुंदीकरणास सरसकट नावे ठेवणाऱ्यांच्या पंक्तीस आम्ही बसत नाही. त्यास कारण आहे. १९ नोव्हेंबर २०१९ रोजी कार्तिकीसाठी पंढरपूरहून आळंदीस निघालेली संत नामदेवांची दिंडी याच दिवे घाटातून उतरत असता एक अवजड यंत्र तिच्यात घुसले. नामदेवांच्या वंशातील एक महाराज आणि एक वारकरी जागीच गेले. अनेक जायबंदी झाले. ते वृत्त पंढरीत आले त्या दिवशीची अवकळा आम्ही पाहिली आहे. अरुंद घाटाचे गोडवे त्यानंतर कोणी गाऊ नयेत.

परंतु या दुर्घटनेतून एक गोष्ट ध्यानी घ्यावयास हवी होती, ती घेतली गेलेली दिसत नाही. आषाढीचा मोठा सोहळा घाटात येतो त्या दिवशी वाहने बंदच असतात. सगळा रस्ता वैष्णवांचा असतो. त्या दिवशी कडेच्या पायवाटेवर सोहळा मावणार नाही, आणि मावू पाहू नये. रथ, दिंड्या, पताका, तुळशी हे सारे एका ओघाने चालते, तो ओघ दुभाजकाने चिरला तर दिंडीचा क्रम मोडतो. पायवाट खऱ्या अर्थाने हवी आहे ती कार्तिकीच्या, माघीच्या, महिन्याच्या वारीच्या लहान लहान दिंड्यांना, ज्यांच्यासाठी कोणी रस्ता बंद करीत नाही. तेव्हा ती घाटाच्या वळणावर आक्रसता कामा नये, तिच्यावर हातगाड्या व मोटारी उभ्या राहता कामा नयेत. वर्षाचे अकरा महिने ती मोकळी राहते की नाही, हीच तिची परीक्षा.

आषाढीच्या सोहळ्याची निकड मात्र निराळी आहे. ती आहे सावलीची आणि मोकळ्या जागेची.

चांद्रमासामुळे आषाढी एकादशी कधी जूनच्या अखेरीस येते, कधी जुलैच्या उत्तरार्धात. २०२३ साली ती २९ जूनला होती आणि त्या वर्षी पावसाने ओढ दिली. घाट चढताना माथ्यावर ढग नव्हता, पायाखाली डांबर तापलेले होते. अशा वेळी जुन्या रस्त्याकाठच्या वडा-चिंचांखाली दिंडी टेकत असे. रस्ता रुंद होताना ही झाडे जातात. त्यांच्या जागी नवी लावल्याचे सांगितले जाते. पण दुभाजकातल्या कण्हेरीखाली कोण टेकणार? वड, चिंच, कडुनिंब लावावे, तेही पायवाटेच्या बाजूस, आणि जगतील तोवर त्यांस पाणी घालण्याचे काम गावोगावच्या ग्रामपंचायतींकडे पैशासह सोपवावे.

मोकळ्या जागेचेही तसेच. हडपसरपासून सासवडपर्यंत शेतांचे भूखंड होत चालले आहेत. ज्या रानात दिंडीची चूल पेटत असे तेथे आज कुंपण दिसते. शेतकऱ्याने जमीन विकू नये असे सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही. पण वडकी नाला आणि झेंडेवाडी येथील विसाव्याची जागा सरकारी दप्तरात कायमची नोंदून ठेवणे अशक्य खासच नाही. एक दिवसाची परवानगी दरवर्षी मागत बसणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

संस्कृतात मार्ग हा शब्द मृग् या धातूपासून साधतात. त्याचा अर्थ शोधणे. रस्ता हा शब्द फारसीतून आला. शासनाने फलकावर ‘मार्ग’ लिहिले हे बरे केले. आराखडा मात्र रस्त्याचाच केलेला दिसतो. वाहनाचा वेग त्यात मोजला आहे, पावलाचा नाही.

पावलाचे गाऱ्हाणे ऐकण्याची एक रीत या सोहळ्यात आहे. मुक्कामी तळावर पालखी मध्ये ठेवून दिंड्या सभोवार उभ्या राहतात. चोपदार दंड उंचावतो आणि एवढा जनसमुदाय क्षणात शांत होतो. ज्या दिंडीची तक्रार असेल तिचे टाळ तेवढे वाजत राहतात. चोपदार तेथे जातात, ऐकतात, निवाडा करतात, मग हरवल्या-सापडल्याची आणि उद्याच्या प्रस्थानाच्या वेळेची घोषणा होते, त्यानंतर समाजआरती. तक्रार ऐकल्यावाचून आरती नाही.

महामार्गाच्या अधिकाऱ्यांनी यंदा सासवडच्या तळावर, आरतीपूर्वी, आराखड्यासह येऊन उभे राहावे अशी आमची सूचना आहे. झाडे, विसावे आणि घाटातील पायवाटेची रुंदी यांविषयी टाळ वाजवावयास दिंड्या पुष्कळ मिळतील.