दुसरी नजर कोणाची?

रेडिओलॉजिस्ट तयार करणं आता थांबवा, पाच, फार तर दहा वर्षांत यंत्र त्यांना मागे टाकेल, असं एआय संशोधक जेफ्री हिंटन यांनी 2016 साली टोरांटोत सांगून टाकलं होतं. पुढे त्यांना नोबेल मिळालं. रेडिओलॉजिस्टांचा तुटवडा मात्र अजून आहेच.

भाकितं बाजूला ठेवून स्वीडनकडे पाहावं. स्तनाच्या कर्करोगाच्या तपासणीत तिथे साधारणपणे प्रत्येक मॅमोग्राम दोन डॉक्टर स्वतंत्रपणे पाहतात. 2021-22 मध्ये 80 हजार महिलांचे दोन गट पाडले गेले. एका गटाची तपासणी नेहमीच्या पद्धतीने झाली. दुसऱ्या गटात सॉफ्टवेअरने आधी प्रत्येक फिल्मला एक ते दहा असा जोखमीचा आकडा दिला. दहा आला तर दोन डॉक्टर, एरवी एकच. वाचनाचं काम 44 टक्क्यांनी घटलं, आणि हजारामागे पाचऐवजी सहा कर्करोग सापडले. विनाकारण धास्तावलेल्या महिलांचं प्रमाण वाढलं नाही. लक्षात घ्यायचं ते हे, की एकही फिल्म माणसाच्या नजरेखालून गेल्याशिवाय राहिली नाही. यंत्राने निदान केलं नाही, कोणाचा वेळ कुठे घालवायचा ते सुचवलं आणि संशयास्पद जागा दाखवल्या. श्रेय सॉफ्टवेअरचं आहे, पण कामाची घडी बसवणाऱ्यांचं त्याहून जास्त.

घडी चुकली तर?

जर्मन संशोधकांनी 2023 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. 27 रेडिओलॉजिस्टांना 50 मॅमोग्राम दाखवले. सोबत ‘एआयचं मत’ म्हणून एक श्रेणीही. काही श्रेणी मुद्दाम चुकीच्या होत्या. सूचना बरोबर असताना मुरलेल्या डॉक्टरांचे निष्कर्ष 82 टक्के वेळा बरोबर आले, सूचना चुकीची असताना जेमतेम 46 टक्के. नवख्यांचं प्रमाण तर 80 वरून 20 वर घसरलं. पोलंडमधल्या चार केंद्रांची गोष्ट आणखी अवघड आहे. कोलोनोस्कोपीत यंत्राची मदत सुरू झाल्यावर, ती मदत नसलेल्या तपासण्यांमध्ये डॉक्टरांना आतड्यातल्या धोकादायक गाठी सापडण्याचं प्रमाण 28 वरून 22 टक्क्यांवर आलं. अभ्यास निरीक्षणावर आधारलेला आहे, तेव्हा त्यावरून लगेच निकाल देऊ नये. पण सवयीने नजर बोथट होते, हा संशय त्याने बळावतो.

भारतात बहुतेक ठिकाणी फिल्म एकच डॉक्टर पाहतो. जिथे दुसरा वाचकच नाही, तिथे स्वीडनसारखी बचत कुठून होणार? (विक्रेते सादरीकरणात हे सहसा सांगत नाहीत.) क्षयरोगाच्या तपासणीत परिस्थिती वेगळी आहे. छातीचे एक्स-रे वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये पंधरा वर्षं आणि त्यावरच्या व्यक्तींसाठी मान्यता दिली, मुंबईची क्यूर.एआय असंच सॉफ्टवेअर बनवते. यंत्राने शंका घेतली की थुंकी तपासून खात्री करता येते. म्हणजे इथे दुसरी नजर प्रयोगशाळेची.

रुग्णालयांनी असं सॉफ्टवेअर घेताना करारासोबत कामाची पद्धतही कागदावर आणायला हवी. डॉक्टरने आपलं मत आधी नोंदवावं आणि यंत्राचं नंतर उघडावं. शिकाऊ डॉक्टरांनी रोज काही फिल्म मदतीविना वाचाव्यात. आणि वाचलेला वेळ रुग्णाशी बोलण्यात जाणार, की त्याच डॉक्टरच्या टेबलावर फिल्मचा ढीग वाढवण्यात, हे खरेदीच्या बैठकीतच विचारलं जावं. एकदा बिल निघालं की कोण विचारतो?