चार-पाच फेल तर असतातच!

मंडळी, आज जरा भांडायचंय.

सोर्समधून लिनक्स बांधताना जीसीसीच्या चाचण्या फेल व्हायला लागल्या की चार जाणत्या लोकांना विचारून बघा. उत्तर ठरलेलं: "अरे, चार-पाच फेल तर असतातच, पुढे जा." कुठल्या चार? का फेल? असं विचारलं, तर पंगतीत वाढप्याकडे मिठाचा हिशोब मागितल्यासारखं बघतात.

माझ्या मते "असतातच" हे उत्तर नाहीच, ती उत्तर द्यायची टाळाटाळ आहे. आणि ती सिस्टीम वापरणारा माणूस बांधणाऱ्यापासून लांब बसलेला असेल, तर तो सरळसरळ बेजबाबदारपणा आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लिनक्स फ्रॉम स्क्रॅच, म्हणजे एलएफएस, हे गेरार्ड बीकमन्सने 1999 साली सुरू केलेलं पुस्तक. तयार डिस्ट्रो न घेता कंपायलर, सी लायब्ररी, शेल, सगळं एकेक करून सोर्समधून बांधायचं. बिनयुटिल्स, ग्लिबसी आणि जीसीसी या तिघांच्या चाचण्या कुठल्याही परिस्थितीत गाळू नका, असं त्यात बजावून सांगितलंय. कारण उघड आहे. पुढचं प्रत्येक पॅकेज याच कंपायलरमधून जाणार. पट्टीच वाकडी असेल तर वहीतली एकही रेघ सरळ येणार नाही.

"पण वेळ किती जातो!" हो, जातो. पुस्तकाच्या 12 च्या मालिकेत, पहिल्यांदा बिनयुटिल्स बांधायला जितका वेळ लागतो त्याच्या चाळीस पटींहून जास्त वेळ चाचण्यांसकट जीसीसीला धरलाय. म्हणून रात्री लावून झोपायचं. आपण झोपतो तेवढा वेळ मशीनने काम केलं तर कुणाचं काय बिघडलं?

आता हा राग कुठून आला ते सांगतो. आम्ही तिघं मित्र सध्या वावरच्या बाजूला, जव्हार-मोखाड्यात, एका शाळेसाठी सहा जुने डेस्कटॉप तयार करतोय. कुठल्याशा ऑफिसने काढून टाकलेले, पेंटियम फोरच्या काळातले, 32 बिट. "डेबियन टाका की" म्हणाल, तर 2025 साली आलेल्या 13 व्या आवृत्तीपासून डेबियनने 32 बिट पीसीसाठी इन्स्टॉलर आणि कर्नल देणं बंद केलंय. इतर काही डिस्ट्रो अजून आहेत, मान्य. निम्मी गरज, निम्मी हौस म्हणा.

पण हौस आमची आणि मशीन त्यांचं, हे विसरून कसं चालेल? माझ्या टेबलावर काही बिघडलं तर मी शिव्या घालत दुरुस्त करीन. तिथे सोमवारी सकाळी मशीन अडकलं तर सरांनी काय करायचं? सीपीयू पोत्यात घालून एसटीने जव्हारला न्यायचा? वावर-वांगणी हे नाव शहरातल्या बहुतेकांनी पहिल्यांदा ऐकलं ते 1992-93 च्या बालमृत्यूंच्या बातम्यांमुळे. मदत घेऊन जाणारे तेव्हापासून पुष्कळ आहेत. दिलेली वस्तू चालते का, हे बघायला परत जाणारे माझ्या तरी पाहण्यात कमी. त्या रांगेत आपण उभं राहायचं का, एवढाच प्रश्न आहे.

आमच्यातल्या एकाने पहिली बांधणी स्वतःच्या नव्या लॅपटॉपवर केली. जीएमपीच्या सगळ्या चाचण्या पास! डिस्क जुन्या मशीनला लावली आणि पहिलीच फाइल कंपाइल करताना जीसीसीने "इल्लीगल इन्स्ट्रक्शन" म्हणत मान टाकली. का? तर जीएमपी बांधताना समोरचा प्रोसेसर ओळखून खास त्याच्यापुरता कोड तयार करतं, आणि जीसीसी पोटात जीएमपी वापरतं. पुस्तकात याची टीप आहे: कमी ताकदीच्या प्रोसेसरवर चालवायचं असेल तर कॉन्फिगरला होस्ट म्हणून "नन-लिनक्स-ग्नू" द्या. थोडक्यात, हिरवागार निकालसुद्धा ज्या मशीनवर मिळाला त्या मशीनपुरताच. म्हणून मी हट्ट धरला की चाचण्या जुन्या डब्यावरच चालवायच्या. शुक्रवारी रात्री लावलेलं मंगळवारी संपलं. :)

आणि आली लाल यादी. अकरा अनपेक्षित फेल. मित्र म्हणाला, "अकराच ना? हजारोंमध्ये अकरा म्हणजे काहीच नाही."

इथेच माझं डोकं फिरतं. जे फेल होणारच हे जीसीसीवाल्यांना माहीत आहे, त्यांना त्यांनी आधीच "एक्सफेल" असा शिक्का मारून वेगळं काढलंय. ते "फेल" मध्ये मोजलेच जात नाहीत. म्हणजे "असतातच" वाले ज्यांच्याबद्दल बोलतात ती मंडळी आधीच बाजूला बसली आहेत. उरलेले ते अनपेक्षित.

यावर लोक पुस्तकच तोंडावर फेकतात: "थोडे अनपेक्षित फेल टाळता येत नाहीत, असं पुस्तकातच लिहिलंय." लिहिलंय, पण त्याच्या पुढेही वाचा ना! प्रसिद्ध केलेल्या निकालांशी ताडून बघा, फार फरक नसेल तर पुढे जा, असं ते आहे. सवलत मिळते ती ताडून बघितल्यावर. आपण सवलत तेवढी उचलली आणि ताडणं सोडून दिलं.

ताडायला फार अक्कलही लागत नाही. शेकड्यांनी फेल असतील तर कंपायलरला शिव्या देण्याआधी आजूबाजूला बघा. क्रूटमध्ये डेव्ह-पीटीएस माउंट नसेल तर एक्सपेक्टला पीटीवाय मिळत नाही आणि अख्खी चाचणीच कोसळते. स्टॅकची मर्यादा कमी असेल तर काही चाचण्या नुसत्या त्यापायी मरतात, म्हणून आधी यूलिमिट वाढवायचं. रूट म्हणून चालवू नका, पुस्तकात "टेस्टर" नावाचा वेगळा युजर त्यासाठीच आहे. आणि "मेक चेक" ला "-के" द्या, म्हणजे पहिल्या फेलला गाडी थांबणार नाही. शेवटी टेस्ट समरीची स्क्रिप्ट चालवून यादी जपून ठेवा.

आमच्या अकरांपैकी सहा निघाले टाइमआउट. एका चाचणीला 300 सेकंदांची मुदत असते, आणि आमचा डबा बिचारा तेवढ्यात पोचतच नव्हता. मुदत वाढवली, सहाही पास. म्हणजे इथे मित्र बरोबर होता म्हणायचा? नाही. त्याला ते माहीत नव्हतं. नशिबाने बरोबर येणं आणि तपासून बरोबर असणं यात फरक आहे.

तीन फेल मात्र वेगळेच. "इंटर्नल कंपायलर एरर, सेगमेंटेशन फॉल्ट". पुन्हा चालवलं तर ते तीन पास आणि दुसरेच दोन फेल! जुन्या लोकांना हे ओळखीचं वाटेल. नव्वदच्या दशकात रॉजियर वुल्फने सिग्नल 11 वर लिहिलेली प्रश्नोत्तरं प्रसिद्ध होती. कंपायलर दर वेळी वेगळ्या जागी मरत असेल तर सॉफ्टवेअरवर नाही, हार्डवेअरवर संशय घ्या, बहुधा रॅमवर. मेमटेस्ट लावलं, आणि खरंच एक रॅम खराब. आता विचार करा, "अकराच ना" म्हणून पुढे गेलो असतो तर ती रॅम वावरला पोचली असती. पोरांच्या फाइली मधूनच खराब झाल्या असत्या, आणि दोष कुणाला? "गावातल्या लोकांना कॉम्प्युटर वापरता येत नाही." हे वाक्य मी आयटीतल्या लोकांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की आता ऐकवत नाही.

बरं, कंपायलर ही काही काळी जादू नव्हे. मुंबईत, पवईच्या आयआयटीत, उदय खेडकरांच्या जीसीसी रिसोर्स सेंटरने 2012 मध्ये आणि त्याच्या आगेमागे "इसेन्शियल अॅब्स्ट्रॅक्शन्स इन जीसीसी" नावाच्या कार्यशाळा घेतल्या. तिथे लोक जीसीसीच्या पोटात शिरायला शिकत होते. आपल्याला तर नुसतं आउटपुट वाचायचंय, आणि त्याचाही कंटाळा?

असो. सहापैकी पाच मशीन तयार आहेत. दोन फेल उरलेत, दर वेळी त्याच जागी, म्हणजे रॅम नाही. प्रसिद्ध निकालांत ते मला सापडले नाहीत. दोन्ही फ्लोटिंग पॉइंटच्या चाचण्या आहेत, त्यामुळे 32 बिटवरच्या एक्स-87 च्या जादा अचूकतेवर माझा संशय आहे. या शनिवारी त्यातली पहिली हाताने कंपाइल करून असेम्ब्ली बघणार आहे. तोवर कुणाकडे पेंटियम फोरवरचा जीसीसीचा निकाल पडून असेल तर पाठवा. आणि डीडीआर-वनची 512 एमबी रॅम असेल तर तीही, फक्त मेमटेस्ट लावून.