बिलाबाहेरचा खर्च

दिवाळी अंकाच्या पहिल्या पानावर आजाराचं नाव घेऊ नये असा संकेत आहे. यंदा तो आम्ही समजून-उमजून मोडतो आहोत. वाशिम जिल्ह्यातल्या आसेगाव आणि भोवतालच्या गावांत या दसऱ्यापासून दोनच गोष्टींची चर्चा आहे. पावसानं सोयाबीनचं काय केलं, ही एक. आणि कुणाच्या घरचं माणूस कॅन्सरच्या इलाजासाठी नागपूरला किंवा मुंबईला नेलंय, ही दुसरी. दोन्ही गोष्टींचा शेवट एकाच वावरापाशी येतो. पिकलं नाही तर कर्ज होतं, आणि कॅन्सर निघाला तर वावर विकायला निघतं.

हिशेब मांडूनच बोलू. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 75व्या फेरीत, म्हणजे 2017-18 साली, ग्रामीण भारतात कॅन्सरसाठी एकदा भरती होण्याचा सरासरी वैद्यकीय खर्च सुमारे 57 हजार रुपये निघाला. 2025-26 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये होता. तो पुरता मिळाला असं धरलं, तरी त्या जुन्या आकड्यालाही जवळपास अकरा क्विंटल सोयाबीन लागतं. आणि हा खर्च एका भरतीचा. कॅन्सरचा पेशंट एकदा भरती होऊन मोकळा होत नाही. ऑपरेशन, मग किमोच्या फेऱ्या, मग शेकाचे, म्हणजे रेडिएशनचे, आठवडे, मग वर्षानुवर्षं तपासण्या.

सरकारनं काहीच केलं नाही, असं आम्ही म्हणणार नाही. राजीव गांधी जीवनदायी योजना 2 जुलै 2012 रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात शेजारचं अमरावती होतं, वाशिम नव्हतं. आपल्यापर्यंत ती 21 नोव्हेंबर 2013 ला पोहोचली. 2017 मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं. शेतकरी आत्महत्यांच्या 14 जिल्ह्यांत वाशिम असल्यामुळे इथल्या शुभ्र शिधापत्रिकेवरच्या शेतकऱ्यालाही तिचा लाभ मिळू लागला. 1 जुलै 2024 पासून तर रेशनकार्डाचा रंग कोणताही असो, राज्यातल्या प्रत्येक कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. कॅन्सरचं ऑपरेशन, किमो आणि रेडिएशन तिच्यात येतात. या योजनेनं कित्येक घरं वाचवली आहेत, आणि हे ठळकपणे सांगायला हवं.

पण योजना पैसे देते ते दवाखान्याच्या बिलाचे. आसेगावच्या माणसाचे पैसे त्याआधीच संपत आलेले असतात. तोंडातला फोड बरा होत नाही म्हणून आधी गावातला डॉक्टर, मग मंगरुळपीर, मग वाशिम, मग अकोला. प्रत्येक ठिकाणी नवी फी, नव्या तपासण्या, नवी औषधं. योजनेची फाइल उभी राहते बायोप्सीच्या रिपोर्टवर, आणि तो हाती येईपर्यंतचा खर्च बहुतेकदा घरचाच असतो. पुढे योजनेतला दवाखाना मिळाला तरी सोबतच्या माणसाचं राहणं-खाणं, गाडीभाडं, दोघांची बुडालेली मजुरी, ऐन पेरणीत पडीक राहिलेलं शेत, यांची पावती कुठल्याच योजनेत जोडता येत नाही. रेल्वे कॅन्सरच्या पेशंटला स्लीपरचं तिकीट फुकट देते, ही मोठी सोय आहे. मात्र रेल्वे आसेगावात येत नाही.

हे दुःख आपल्या मुलखाला फार आधी कळलं होतं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज 11 ऑक्टोबर 1968 रोजी गेले ते कॅन्सरनंच, आणि नागपूरच्या कॅन्सर रुग्णालयाला त्यांचंच नाव आहे. मुंबईत दादरला टाटा रुग्णालयाच्या पेशंटना आणि नातेवाइकांना आसरा देणारी धर्मशाळा चालते, ती गाडगेबाबांच्या नावानं. आजारी माणसाला डोक्यावर छप्पर लागतं आणि त्याच्या नातेवाइकालाही पोटभर जेवण लागतं, हे बाबांना कुठल्याही विमा कंपनीच्या आधी ठाऊक होतं.

खासगी विम्याबद्दलही स्पष्ट बोलायला हवं, कारण गावातले शिक्षक, दुकानदार आणि पुण्यात नोकरीला असलेली मुलं आता त्याची चौकशी करू लागली आहेत. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी शून्यावर आला आहे, हे चांगलं झालं. मात्र गाठ हाताला लागल्यावर घेतलेली पॉलिसी त्या गाठीसाठी लगेच कामाला येत नाही. आधीपासूनच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. फॉर्म भरताना एजंटच्या सांगण्यावरून आजार लपवला, तर ऐन वेळी क्लेम नाकारला जातो. सलग पाच वर्षं हप्ते भरल्यावर फसवणूक सिद्ध केल्याशिवाय कंपनीला माहिती लपवल्याचं कारण पुढे करता येत नाही. म्हणून हप्ता खंडू देऊ नका. इम्युनोथेरपीसारख्या नव्या इलाजांना काही पॉलिसींत विमा रकमेच्या निम्म्यापर्यंतच मर्यादा असते. ते बारीक अक्षर सही करण्याआधी कुणाकडून तरी वाचून घ्या.

आमचं ठाम मत असं की विम्याची रक्कम वाढवत नेण्यापेक्षा इलाजाची किंमत आणि अंतर कमी करणं जास्त तातडीचं आहे. ते जमतं, याचे पुरावे महाराष्ट्रातच आहेत. मान आणि तोंडाच्या पुढच्या टप्प्यातल्या कॅन्सरवर निव्होलुमॅब नावाचं औषध चालतं, पण त्याची किंमत सामान्य माणसाच्या आवाक्यातली नाही. नेहमीचा डोस 240 मिलिग्रॅमचा. टाटाच्या डॉक्टरांनी स्वस्तातल्या तोंडी गोळ्यांच्या जोडीला त्याचे फक्त 20 मिलिग्रॅम, तेही तीन आठवड्यांतून एकदा, देऊन पाहिले. 2022 साली आलेले निकाल असे: नुसत्या गोळ्यांवर वर्षभर जगलेले पेशंट 16 टक्के होते, या जोडीवर 43 टक्के. गरिबाच्या खिशाचा विचार करून केलेलं हे संशोधन आहे, आणि आम्हाला त्याचा अभिमान वाटतो.

दुसरा पुरावा तर थेट खेड्यांतला. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात 1,31,746 बायकांवर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा मोठा अभ्यास झाला. तो 2009 साली प्रसिद्ध झाला. आयुष्यात एकदा एचपीव्ही विषाणूची तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. वाशिमची आणि तिथली बाई काही वेगळी नाही. तिकडे झालं ते इकडे का होऊ नये, हा प्रश्न आपण आपल्या आमदार-खासदारांना विचारायचा की नाही?

वाशिम हा नीती आयोगाच्या यादीतला आकांक्षित जिल्हा. आपल्याला 2024 मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय मिळालं. तीन वर्षांत प्रत्येक जिल्हा रुग्णालयात कॅन्सरचं डे केअर केंद्र उभं करू, असं 2025-26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात सांगितलं होतं. वाशिमच्या वाट्याचं केंद्र पाटीपुरतं राहू नये. तिथे औषध हवं, किमो देणारी शिकलेली नर्स हवी, आठवड्यातले ठरलेले दिवस डॉक्टर हवा. बायोप्सी जिल्ह्यातच आणि मोफत व्हायला हवी. एवढं झालं तरी आसेगावच्या पेशंटची निम्मी पायपीट वाचेल.

आणि खर्रा. 2012 पासून राज्यात गुटख्याला बंदी आहे, तरी पुडी मिळते, आणि तंबाखू-सुपारी-चुन्याचा खर्रा तर उघड्यावर घोटला जातो. जो पैसा पानटपरीवर जातो, त्याच्या कितीतरी पट नंतर दवाखान्यात मोजावा लागतो. ज्या घरात तंबाखू आहे, त्या घरानं आधी हे बोलणं सुरू करावं.

यंदाच्या अंकात कथा आहेत, कविता आहेत, वऱ्हाडी बोलीतलं लेखन आहे. ते तुम्ही आवडीनं वाचालच. पुण्या-मुंबईहून दिवाळीला घरी येणाऱ्या लेकरांना मात्र एक विनंती आहे. भाऊबीज झाली की परतीच्या गाडीत बसण्याआधी आई-बापाचं आधार आणि रेशनकार्ड घेऊन इलाजाच्या योजनेसाठी आयुष्मान कार्ड काढून द्या. दोन्हींवरचं नाव जुळत नसेल तर ते आत्ताच दुरुस्त करा. फुले योजनेचा 155388 हा नंबर घरातल्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. आणि वडिलांच्या तोंडात न भरणारा फोड किंवा पांढरा चट्टा असेल, आईनं छातीतली गाठ लपवून ठेवली असेल, तर तिकीट चार दिवस पुढे ढकला आणि त्यांना आधी दवाखान्यात न्या.