पत्रा उजळला, कागद हरवला

दसऱ्याच्या सकाळी पुण्यातील एखाद्या जुन्या कॉलनीतून फेरफटका मारला, तर नव्या मोटारींच्या रांगेत क्वचित कोठेतरी साठीची एखादी फियाट झेंडूची माळ घालून उभी असलेली दिसते. रंग नवा, क्रोमियमच्या पट्ट्या लखलखीत, गाद्यांवर नवे कापड. जाणारे-येणारे थांबतात. एखादे वृद्ध गृहस्थ स्टिअरिंगला जोडलेल्या गिअरच्या दांड्याकडे बोट दाखवून नातवाला काही समजावून सांगतात. मग ठरलेले प्रश्न होतात : कितीला मिळाली, खर्च किती आला, सुटे भाग कोठून आणले? ‘ही आधी कोणाची होती?’ हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. आणि विचारलाच, तर मालकापाशी बहुधा उत्तर नसते. जुन्या वस्तूंविषयीच्या आपल्या आस्थेतील उणीव या निरुत्तरतेत आहे, असे आम्हांस वाटते.

ज्या इटलीतून ही फियाट आपल्याकडे आली, त्याच इटलीतील दुसऱ्या एका मोटारीची हकीकत या संदर्भात उद्‌बोधक आहे. फेरारी कंपनीने १९६२ ते १९६४ या काळात ‘२५० जीटीओ’ नावाच्या अवघ्या ३६ गाड्या तयार केल्या. यातील ‘जीटी’ म्हणजे ‘ग्रान तुरिस्मो’, म्हणजेच लांबचा प्रवास वेगाने व सुखाने करण्यासाठी बांधलेली गाडी. यांपैकी एक गाडी १९६२ मध्ये इंग्लंडमधील शर्यतींत धावून पुढे अमेरिकेत गेली आणि टेक्सासमधील एका शाळेला देणगी म्हणून मिळाली. शाळेने ती १९७२ मध्ये ६,५०० डॉलरला विकून टाकली. त्यानंतर कित्येक वर्षे ती उघड्या मैदानात ऊन-पाऊस खात पडून होती. त्याच जातीच्या दुसऱ्या एका गाडीला २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातील लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलर किंमत आली.

ही किंमत पत्र्याची खचित नव्हे. तसा पत्रा आजही कुशल कारागीर ठोकून देऊ शकतो आणि हुबेहूब नकलाही बनतात. किंमत आहे ती ओळखीची. सांगाड्यावरचा क्रमांक, इंजिनावरचा क्रमांक, कारखान्याच्या वहीतील नोंद, कोणत्या साली कोणी विकत घेतली, कोणी कोणत्या शर्यतीत चालविली, कोठे आपटली व कोणी दुरुस्त केली, ही साखळी पहिल्या धन्यापासून आजच्या धन्यापर्यंत अखंड जोडता येते. म्हणूनच मैदानात गंजलेली गाडीसुद्धा पुन्हा ‘तीच’ गाडी म्हणून उभी राहू शकते. पत्रा गंजला तर बदलता येतो. साखळीतील एक कडी निसटली, तर ती कोणत्याही कार्यशाळेत घडविता येत नाही.

पुणेकरांना ही गोष्ट नव्याने शिकविण्याची गरज पडू नये. बखरीतील रसाळ कथेपेक्षा अस्सल कागदाचा एक चिटोरा अधिक मोलाचा, हे इतिहासाचार्य राजवाडे यांनी याच शहराला बजावून सांगितले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड त्यांनी १८९८ मध्ये प्रसिद्ध केला आणि १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. गावोगावच्या वाड्यांतून, माळ्यांवरून, वाण्याच्या पुड्या होण्याच्या बेतात असलेल्या रद्दीतून त्या पिढीने कागद वाचविले. दिनकर केळकरांनी तर अडकित्ते, दिवे, दरवाजे अशा रोजच्या वापरातील वस्तूंतून एक अख्खे संग्रहालय उभे केले. अडकित्त्याला इतिहास असतो, हे ज्या शहराने मान्य केले, त्याने मोटारीला इतिहास नाही असे म्हणणे विसंगत ठरेल.

आणि फियाटचा इतिहास तर अगदी आपल्या घरचा आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. कुर्ल्याच्या तिच्या कारखान्यात आरंभी अमेरिकन गाड्यांची जुळणी होई. १९५१ च्या सुमारास इटलीच्या फियाटशी संबंध जुळला. आधी छोटी ‘५००’ आणि १९५४ पासून ‘११००’ रस्त्यावर आली. साठीच्या दशकाच्या मध्यास आलेले तिचे नवे रूप १९७२ मध्ये ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि १९७४ मध्ये ‘प्रीमियर पद्मिनी’ झाले. इटलीत हे रूप काही वर्षांतच मागे पडले. आपल्याकडे ते शतक संपेपर्यंत टिकले. परवाना-पद्धतीच्या त्या काळात गाडीसाठी पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. फियाट घरी येणे हा कुटुंबाच्या आयुष्यातील एक टप्पाच असे. डॉक्टर, वकील, प्राध्यापक, छोटा कारखानदार अशा हातांतून ती फिरली आणि शेवटी मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने जिच्या दारात गाडी येणे शक्य नव्हते अशा लक्षावधी माणसांचीही झाली. मुंबईतील या टॅक्सींचा शेवट ऑक्टोबर २०२३ मध्ये झाला. स्वातंत्र्योत्तर मध्यमवर्गाची घडण अभ्यासणाऱ्याला यापेक्षा बोलके साधन क्वचितच मिळेल.

ते साधन बोलते मात्र कागदांतून. जुने आर. सी. बुक पाहावे : पहिल्या मालकाचे नाव व पत्ता, त्याखाली दुसऱ्याचे, मग तिसऱ्याचे, मध्येच कर्जाच्या बोजाची नोंद, पुढे बोजा उतरल्याचा शिक्का, एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात गेल्याची खूण. चार-सहा पानांत एका गाडीचे आणि तिच्या निमित्ताने चार-सहा कुटुंबांचे चरित्र सामावलेले असते. आजच्या नोंदणीपत्रावर मालकाचा अनुक्रम तेवढा येतो. आपण तिसरे धनी आहोत हे त्यावरून कळते. पहिले दोन कोण, हे कळत नाही. नवे कार्ड हाती आले की जुने बुक निरुपयोगी ठरते आणि रद्दीची वाट धरते. विम्याचे कागद, पावत्या, गॅरेजची बिले यांची गत त्याहून वाईट.

केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या दुचाकी व चारचाकी खासगी वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र स्थान दिले. ‘व्हीए’ या अक्षरांची क्रमांकमाला ठरली. नव्या नोंदणीस वीस हजार रुपये व पुनर्नोंदणीस पाच हजार रुपये शुल्क ठरले. आधी नोंदलेल्या गाडीला आपला मूळ क्रमांक राखण्याची मुभा मिळाली आणि अशा गाडीच्या अर्जासोबत जुने नोंदणीपत्र मागितले गेले. हे पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु नियमाने जे जपायला सांगितले ते रूप : सांगाडा, कवच, इंजिन. त्या रूपामागची मालकीची परंपरा जपण्याची जबाबदारी त्याने कोणावरच टाकलेली नाही.

ही परंपरा जपली वा न जपली तर काय होते, याची दोन उदाहरणे संस्थानी काळातील आहेत. इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी १९३५ ची डूसेनबर्ग ही अमेरिकन गाडी खास आपल्यासाठी बांधवून घेतली होती. ती पुढे अमेरिकेत गेली आणि आज तिचे चरित्र परक्यांच्या ग्रंथांतून आपण वाचतो. उलट कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याची मेबॅक ही जर्मन गाडी दसऱ्याच्या सोहळ्यात आजही दसरा चौकात येते आणि ती कोणाची हे तेथील शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. राजघराण्याच्या गाडीची आठवण अवघे गाव ठेवते. शाळामास्तरांच्या फियाटची आठवण कोण ठेवणार? तिच्यासाठी कागदावाचून दुसरा आधार नाही.

यावर आक्षेप येईल, की शाळांची छपरे गळत असताना जुन्या मोटारींचे कौतुक हा श्रीमंतांचा शौक आहे. गाड्या उजळविण्याचा खर्च पाहता आक्षेपात तथ्य आहे. त्यासाठी सरकारी तिजोरीतून एक पैही देऊ नये. परंतु येथे मागणी पत्र्याची नाही, कागदाची आहे, आणि कागद जपणे हा सर्वांत स्वस्त जीर्णोद्धार होय. १९८९ मध्ये ‘एमएच’ क्रमांकांची नवी पद्धत येण्यापूर्वीची परिवहन कार्यालयांतील नोंदणीची दप्तरे एकही पान न गाळता पुराभिलेखागाराच्या स्वाधीन करावीत. ज्या पुण्यात पेशवे दप्तर सांभाळले जाते, तेथे ही दप्तरे ठेवण्यास जागेची वा जाणकारांची वाण पडण्याचे कारण नाही. हयात व्यक्तींचे पत्ते काही काळ झाकून ठेवण्याची तरतूद सहज करता येईल. इतिहासाच्या व समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना त्यांतून प्रबंधाचे विषय मिळतील.

शासन करील तेव्हा करील. तोवर एक काम ज्याचे त्याला करता येण्याजोगे आहे. वडिलांनी वा आजोबांनी कधी मोटार, स्कूटर किंवा नुसती सायकल घेतली असेल, तर ट्रंकेच्या तळाशी तिची पावती, जुना परवाना, एखादे छायाचित्र अजून असण्याचा संभव आहे. येत्या दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीवाल्याच्या तराजूत जाण्यापूर्वी एकदा उलगडून पाहावे. मागे साल, नाव आणि गाडी पुढे कोणाला दिली एवढे लिहून ठेवावे. पुढेमागे कोणी ती गाडी शोधून उजळवील, तेव्हा ही आधी कोणाची होती, या प्रश्नाला निदान एका घरात तरी उत्तर सापडेल.