जगाची भांडणे, यंत्राची अक्कल आणि आपला ऊस



अमुक देशात युद्ध पेटले, तमुक देशावर निर्बंध घातले, अशी बातमी आपण वाचतो आणि पान उलटतो. आपला काय संबंध, असे वाटते. माझे मत उलटे आहे. या बातमीशी अख्ख्या गावात सर्वात जवळचा संबंध कोणाचा असेल तर तो ऊस उत्पादकाचा.

पालाशाचेच घ्या. म्युरेट ऑफ पोटॅश आपला देश सगळेच्या सगळे बाहेरून आणतो. कॅनडा, रशिया, बेलारूस हे त्यातले मोठे पुरवठादार. बेलारूसला समुद्र नाही. त्याचा माल लिथुआनियातून रेल्वेने क्लायपेडा बंदरावर जायचा. 1 फेब्रुवारी 2022 पासून लिथुआनियाने ती वाट बंद केली आणि त्याच महिन्यात रशियाने युक्रेनवर हल्ला केला. आपल्याकडे हजाराच्या आसपास मिळणारे पोते त्या वर्षी 1700 रुपयांपर्यंत गेले. डीएपीची गत वेगळी नव्हती. 2021 मध्ये पोते 1900 रुपयांवर जाणार होते; केंद्राने पोत्यामागचे अनुदान 500 वरून 1200 रुपये केले म्हणून ते 1200 लाच मिळाले. पुढे नोव्हेंबर 2023 पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले, जहाजे आफ्रिकेला वळसा घालून येऊ लागली. चीननेही खताची निर्यात आखडती घेतली. रांगेत उभे राहून आपण शिव्या घातल्या त्या मात्र दुकानदाराला! (साखर निर्यात आणि इथेनॉल यांचाही यात भाग आहे, पण तो विषय मोठा, पुन्हा कधीतरी.)

आता या भांडणात आपण काय करणार? काहीच नाही. पण आपल्या फडात पालाश पडलेला आहे, तो तर आपल्या हातचा आहे. एकरी 3 ते 4 टन पाचट निघते. त्यात 0.7 ते 1 टक्का पालाश असतो. हिशेब करा, एकरी 21 ते 40 किलो होतो. पोटॅशच्या 50 किलोच्या पोत्यातही 30 किलोच पालाश असतो. म्हणजे पाचट ठेवले तर एक पोते रानातच आहे. कोणी म्हणेल, पेटवले तरी पालाश राखेत राहतोच की. राहतो, पण ती राख वाऱ्या-पाण्याने जाते, आणि नत्र व सेंद्रिय कर्ब धुरातून जातो तो वेगळाच. खोडवा राखताना टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकावेत. सगळा पालाश पहिल्याच वर्षी पिकाला लागतो असे मी म्हणत नाही. माती परीक्षण करून मात्रा ठरवावी. पण काडी ओढणारा हात दरवर्षी एक पोते जाळतो, हे खरे.

दुसरी गोष्ट नवीन आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता, लोक ज्याला एआय म्हणतात ती, उसाच्या फडात आली आहे. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट कंपनी व ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्या सहकार्याने हे काम 2024 पासून सभासदांसारख्याच शेतकऱ्यांच्या रानात नेले. जमिनीत सेन्सर, वर उपग्रह, शेजारी हवामान केंद्र; आणि पाणी किती, खत केव्हा, याचा निरोप मोबाईलवर. राज्य शासनाने 2025 मध्ये शेतीतील एआयसाठी धोरणच मंजूर केले. यंत्राला विरोध करणारा मी नव्हे. पाटाला पाणी सोडून घरी झोपायला जाणाऱ्यापेक्षा सेन्सर शंभर पटीने बरा.

पण गुजरातेत वाडीनारला जे घडले ते ऐका. तिथे नायरा एनर्जी ही तेलशुद्धीकरण कंपनी आहे. तिच्यात रशियाच्या रोझनेफ्टचा 49 टक्क्यांवर वाटा. 18 जुलै 2025 रोजी युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध घातले आणि चार-पाच दिवसांत मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा बंद केल्या. निर्बंध भारताचे नव्हते, आणि पैसे भरलेले आहेत असे कंपनीचे म्हणणे होते. तरी कामाची पत्रे, कागद सगळे अडकले. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, तेव्हा महिनाअखेरीस सेवा पुन्हा सुरू झाली. ती कंपनी मोठी, वकील लावू शकली. ऐन तोडणीत आपला कार्यक्रम असा अडकला तर ऊस काय न्यायालयाची तारीख बघत उभा राहणार आहे?

दुसरा धोका गुपचूप येणारा आहे. कोणाची लागण कधी, कोणती जात, कोणत्या गटात किती टन बसेल, ही माहिती आजवर चिटबॉयच्या वहीत आणि गट ऑफिसात होती. उद्या ती दुसऱ्याच्या यंत्रात जाईल. यंदा साखर किती होणार हे ज्याला आधी कळते तो बाजारात आधी उभा राहतो. आणि तो शेतकरी नसतो. सल्ला फुकट मिळाला तरी माहिती फुकट देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणून कारखान्याने अशी कोणतीही सेवा घेताना करारात लिहून घ्यावे की माहिती सभासदाची व कारखान्याची; ती परवानगीशिवाय तिसऱ्याकडे जाणार नाही; आणि करार संपला तर सगळी परत मिळेल. ऊस नोंद आणि तोडणी कार्यक्रम यांची एक प्रत कागदावर, एक आपल्या स्वतःच्या संगणकावर असावी. खर्च होईल, पण फार नाही. हा विषय वार्षिक सभेत सभासदांनीच मांडावा, संचालक मंडळाची वाट पाहू नये.

तोवर, लागणीची नोंद देताना चिटबॉयकडून पावती घ्यावी. आणि बांधावर एखाद्या कंपनीचा माणूस मोबाईल पुढे करून 'फक्त अंगठा ठेवा' म्हणाला, तर तो कागद आधी गट ऑफिसला दाखवावा.

— ऊस विकास अधिकारी