घोडा सरकारचा, बदनामी बारगिराची

अटकेपार झेंडा लावल्याचा अभिमान आम्हांस वाटत नाहीं, सबब आम्हांस देशाभिमानच नाहीं, असें एका सद्गृहस्थांनीं आम्हांस लिहून कळविलें आहे. सहीच्या जागीं ‘एक कट्टर राष्ट्रभक्त’ एवढेंच आहे. पत्र छापण्याजोगें नाहीं. पण उत्तर देण्याजोगें आहे, कारण असे राष्ट्रभक्त हल्लीं गल्लोगल्लीं झाले असून सर्वांच्या तोंडीं हाच एक आरोप आहे.

अटकेची गोष्ट आमचे हे बंधु मोठ्या आवडीनें सांगतात. १७५८ सालीं झेंडा लागला, आणि १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर घरोघरचीं माणसें पडलीं. मधल्या तीन वर्षांत साताऱ्याच्या कुणब्याला काय मिळालें, हें मात्र कोणी सांगत नाहीं. असो. आम्ही त्यांस दुसऱ्या टोंकाची, बंगाल्यांतली गोष्ट विचारतों.

१७४२ सालीं नागपूरकर रघूजी भोंसल्यांचे सरदार भास्करराम कोल्हटकर फौज घेऊन बंगाल्यांत शिरले. पुढें जवळजवळ दहा वर्षें या स्वाऱ्या चालल्या. गंगाराम नांवाच्या बंगाली कवीनें ‘महाराष्ट्र पुराण’ म्हणून काव्य लिहिलें आहे. त्यांत पोथ्या काखेंत मारून पळणारे पंडित आहेत, तराजू घेऊन पळणारे सोनार आहेत, बायकांची अब्रू घेतल्याचे वर्णन आहे. हे पळणारे लोक कोण होते? बहुतेक हिंदूच होते, नांगर धरणारे होते, विणकर होते. कलकत्त्याच्या लोकांनीं आमच्या भीतीनें शहराभोंवतीं खंदक खणावयास घेतला, त्याचें नांवच ‘मराठा खंदक’ पडलें. आणि आज अडीचशें वर्षांवर झालीं तरी तिकडची आई पोराला निजवितांना बर्गी आल्याचें गाणें म्हणते. पांखरांनीं धान खाल्लें, आतां सारा कशाचा द्यावा, ही त्या गाण्यांतली काळजी आहे. आमच्या मावळांतल्या आईची काळजी याहून निराळी आहे काय?

पेशव्यांनीं तरी काय केलें? नानासाहेब १७४३ सालीं बंगाल्यांत गेले ते रघूजीपासून नबाबाचें रक्षण करावयास, आणि त्याबद्दल नबाबाकडून २२ लाख रुपये कबूल करून घेतले! एका मराठ्यानें लुटावें, दुसऱ्यानें त्या लुटीपासून वांचविण्याची मजुरी घ्यावी. शेवटीं १७५१ सालीं सालिना १२ लाखांची चौथ ठरली. येथें सगळें खापर पेशवाईवर फोडून मोकळें होण्याचा मोह आमच्या कांहीं मित्रांस होईल. पण रघूजी भोंसले होते, भट नव्हते. वतनदार कोणत्याही जातीचा असो, परमुलुखांत त्याची भूक एकच असते.

आणि ‘बर्गी’ म्हणजे कोण? आमचा बारगीर! शिलेदाराचा घोडा स्वतःचा. बारगिराचा घोडा सरकारचा. ज्या गरिबाला स्वतःचें तट्टूही नव्हतें, त्याचें नांव बंगाल्यांत राक्षसासारखें झालें, आणि चौथ गेली सरकारच्या खजिन्यांत. साम्राज्याचा हिशेब असाच असतो. रक्त, पाप आणि बदनामी खालच्याच्या नांवावर, आणि जमा वरच्याच्या.

चौथ म्हणजे ‘पैसे द्या, नाहीं तर आम्हीच येऊं’. पुढें वेलस्लीनें हेंच औषध आम्हांस पाजलें. ३१ डिसेंबर १८०२ रोजीं वसईस बाजीरावानें तैनाती फौज पत्करली आणि तिच्या खर्चासाठीं २६ लाखांचा मुलूख तोडून दिला. तेव्हां ज्यांना तो अन्याय वाटतो त्यांनीं बंगाल्यांतली चौथ न्यायाची कशी, हें आम्हांस समजावून द्यावें.

शिवछत्रपतींचें नांव घेऊन आमचें तोंड बंद करूं पाहाल, तर तेंच नांव आम्ही घेतों. चिपळूणच्या छावणींतील लष्करास महाराजांनीं पत्र लिहिलें. दाणावैरण बेतानें वापरा, ती आधींच संपवाल तर पावसाळ्यांत रयतेच्या घरांत शिराल. रयतेस काडीचाही त्रास देऊं नका, लागेल तें बाजारांत विकत घ्या. नाहीं तर रयतेला मोगल बरे वाटतील, असा त्याचा आशय. सुरत दोनदां लुटली हेंही खरें, तें आम्ही झांकीत नाहीं. पण महाराष्ट्र ज्या गुणासाठीं त्यांस प्राण देतो तो गुण सुरतेच्या लुटींत नाहीं, त्या काडींत आहे.

इंग्रजी अमलांतही बारगीर तोच, फक्त सरकार बदललें. सातारा जिल्ह्यांतल्या अपशिंगे या एका गांवचे ४६ जवान पहिल्या महायुद्धांत कामास आले. कूत येथें वेढ्यांत उपाशी राहून २९ एप्रिल १९१६ रोजीं शरण गेलेल्या फौजेंत मराठा पलटणी होत्या. मेसोपोटेमियाच्या लोकांनीं अपशिंग्याचें काय बिघडविलें होतें? आम्हांसही येथें मान खालीं घालावी लागते. खुद्द शाहू महाराजांनीं त्या युद्धांत सरकारास साहाय्य केलें. आणि गांधीजी १९१८ सालीं खेडा जिल्ह्यांत सैन्यभरतीसाठीं गांवोगांव फिरले. १३ एप्रिल १९१९ रोजीं जालियनवाला बागेंत त्याची पोंच मिळाली.

देशावर आमचें प्रेम नाहीं, असें म्हणणारांस जोतीराव आठवावेत. १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ त्यांनीं अर्पण केली ती गुलामांस मुक्त करणाऱ्या अमेरिकेंतील लोकांस. आणि १८८८ सालीं पुण्यास राणीच्या मुलापुढें ते शेतकऱ्याच्या वेषांत उभे राहिले, व खरा देश या मेजवानीच्या बाहेर आहे असें त्यास सुनावलें. परक्याशीं वैर नाहीं, साम्राज्यापुढें लाचारीही नाहीं. आम्ही त्याच शाळेंतले. कृष्णेचें पाणी, तुकोबांची वाणी, माणदेशची तांबडी धूळ आम्हांस जीव कीं प्राण आहे. त्यासाठीं दुसऱ्याची शेतें जाळल्याचा पोवाडा गाण्याची आम्हांस गरज नाहीं.

पत्रलेखक सद्गृहस्थांस एक विनंती. ओळखीचें कोणी बंगाली कुटुंब असल्यास त्यांच्या घरच्या आजीबाईंस ‘बर्गी म्हणजे कोण?’ असें विचारावें, आणि त्या जें सांगतील तें आम्हांस लिहून कळवावें. तें पत्र आम्ही जरूर छापूं. मात्र या वेळीं खालीं खरें नांव असावें.