कुळाचा शोध आणि भाषेचा हक्क

सीमाभागातील मराठी घरांत अलीकडे एक चांगली जिज्ञासा जागी झाली आहे. आपले पूर्वज मूळचे कोठले, या गावी केव्हा व कशासाठी आले, आपले आडनाव कसे पडले, हे प्रश्न तरुण मुलेमुली घरातील वडीलधाऱ्यांना विचारू लागली आहेत. माळ्यावरच्या ट्रंका उघडल्या जात आहेत. जुन्या रुमालात बांधलेले, कडा झिजलेले मोडी कागद बाहेर येत आहेत. या जिज्ञासेचे आम्ही मनापासून स्वागत करतो.

मात्र तिच्याबरोबर एक घातक समजूतही वाढते आहे. "तुम्ही पेशवाईबरोबर आलेले उपरे" असे कोणी हिणवतो आणि त्याला उत्तर म्हणून आमच्यातील कोणी दहा पिढ्यांची वंशावळ पुढे करतो. भांडणारे दोघे असले तरी दोघांचे गृहीत एकच आहे. आज जी भाषा आपण बोलतो तिच्यावरचा आपला हक्क पणजोबांच्या कुळावरून ठरतो, असे दोघेही मानतात. आमच्या मते हे गृहीतच खोटे आहे. त्याने कुळाचा शोध बिघडतो आणि भाषेचा हक्कही दुबळा होतो.

कागद कोठे आहेत

प्रथम शोधाविषयी. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव, विजापूर, धारवाड व कारवार हे जिल्हे मुंबई राज्यात होते. त्यापूर्वी, म्हणजे १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत, याच मुलखात अनेक संस्थाने नांदत होती. सांगली, मिरज, जमखंडी, कुरुंदवाड ही पटवर्धनांची, रामदुर्ग भाव्यांचे, मुधोळ घोरपड्यांचे. बेळगावचे शहापूर तर सांगली संस्थानात होते. त्यामुळे आज एकाच शहरात शेजारी राहणाऱ्या दोन कुटुंबांचे जुने कागद दोन निरनिराळ्या दप्तरांत असणे अगदी स्वाभाविक आहे. उलट बाजूने पाहिले तर चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता. तेथल्या कुटुंबांना आपल्या आजोबांच्या नोंदींसाठी बेळगावकडे वळावे लागते. सीमारेषा माणसांमधून गेली, तशीच ती कागदांमधूनही गेली आहे.

पुण्याच्या अभिलेखागारातील पेशवे दप्तर आणि कोल्हापूरचे दप्तर ही आमच्या भागासाठी पहिली ठिकाणे होत. गोव्यातील वाचकांसाठी पणजीचे अभिलेखागार आहे. तेथे पोर्तुगीज कागदांबरोबर मोडी मराठी कागदही जतन केलेले आहेत. बडोद्यात गायकवाडांचे दप्तर आहे. हैदराबादेत निजामशाही राजवटीच्या फारसी व उर्दू कागदांशेजारी मोडी कागद आहेत. कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ साली महाराष्ट्रात न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा मोडी व उर्दू वाचणाऱ्यांची किती निकड आहे हे सर्वांच्या ध्यानी आले. एरवी ज्यांना रद्दी म्हटले जात होते, त्या कागदांवर सामान्य माणसाचे भवितव्य अवलंबून असू शकते, हे तेव्हा दिसले.

वाचण्याच्या अडचणी

कागद हाती आला म्हणजे काम संपले असे नाही. मोडी लिपी शासकीय व्यवहारातून आणि पुढे शाळांतून गेली, आणि आपल्याच आजोबांचे अक्षर आपल्याला परके झाले. मोडी शिकणे फारसे अवघड नाही. महाराष्ट्र शासनाचे पुराभिलेख संचालनालय तिचे वर्ग घेते, आणि नेमाने सराव करणाऱ्यास काही महिन्यांत वळणदार अक्षर लागू लागते. खरी अडचण पुढे येते ती कालगणनेची. जुन्या कागदावर बहुधा सुहूर सन असतो, आणि तोही अरबी शब्दांत. उदाहरणार्थ, 'सलास सबैन मया व अलफ' म्हणजे तीन, सत्तर, शंभर आणि हजार, मिळून ११७३. हे वर्ष मृगापासून सुरू होते. म्हणून जूनपासून डिसेंबरपर्यंतच्या तारखेसाठी त्यात ५९९ आणि त्यानंतरच्या महिन्यांसाठी ६०० मिळवायचे. हा सन निघतो १७७२-७३, म्हणजे थोरले माधवराव पेशवे निवर्तले ते वर्ष. याच बेरजेत फसली सन आणि सुहूर सन यांची गल्लत झाली, तर नातू आजोबाच्या आधी जन्मलेला दिसू लागतो.

आडनावांचेही तसेच. निपाणीकर, हुक्केरीकर, अथणीकर, कित्तूरकर, जमखंडीकर ही आडनावे इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्यापर्यंत पोचलेली आहेत. १९१२ साली बांकीपूर येथे भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनाचे अध्यक्ष रघुनाथ नरसिंह मुधोळकर हे अमरावतीचे नामांकित वकील, पण आडनावातले गाव आमच्या मुलखातले. गाव सुटल्यावरच गावाचे नाव आडनाव होते, कारण गावातच राहणाऱ्याला त्याच गावाचे 'कर' म्हणण्याचे कारण नसते. म्हणून असे आडनाव स्थलांतराची खूण म्हणून मोलाचे आहे. नात्याची खूण म्हणून मात्र ते कुचकामी आहे, कारण एका गावातून निरनिराळ्या जातींची कितीतरी माणसे बाहेर पडली आणि सर्वांनी तेच नाव घेतले. देसाई, देशपांडे, कुलकर्णी, पाटील, इनामदार ही तर हुद्द्यांची नावे. ती मराठी घरांत आहेत, तितकीच कानडी घरांतही आहेत. आडनाव पाहून भाषा ठरवू जाणाऱ्याची आमच्या भागात पहिल्याच गल्लीत फजिती होते.

वंशावळ कोणी लिहिली, कशासाठी लिहिली

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. आपल्याकडील जुन्या वंशावळी व करिने हौसेने लिहिलेले नाहीत. वतनाचा तंटा उभा राहिला की वादी व प्रतिवादी आपापला करिना सादर करीत, म्हणजे घराण्याची पूर्वपीठिका सांगून आपला हक्क कसा जुना हे मांडीत. पुढे इंग्रजी अमलात १८५२ च्या अकराव्या कायद्यान्वये इनाम कमिशनने इनामे तपासली, तेव्हा घरोघर पुन्हा वंशावळी तयार झाल्या. ज्या कागदावर जमीन टिकायची की जायची हे ठरणार होते, त्या कागदात जुनेपणा वाढवण्याचा, दुसऱ्या शाखेला वगळण्याचा मोह किती असेल याची कल्पना करावी. वंशावळ खोटी असते असे आमचे म्हणणे नाही. ती एका पक्षाची साक्ष असते, आणि साक्ष म्हणूनच ती तपासावी लागते.

ती ताडून पाहण्यास महजर व निवाडपत्रे उपयोगी पडतात. महजरावर पाटील-कुलकर्ण्यांसह बलुतेदारांच्या साक्षी असत. लिहिता न येणारा आपल्या कामाच्या हत्याराची निशाणी करी, जशी पाटलाच्या नावापुढे नांगराची. ज्या घरांकडे वतन नव्हते, सनद नव्हती, रुमाल नव्हता, त्यांचे पूर्वज याच साक्षींत भेटतात. सुतार, लोहार, कुंभार, महार या घरांतील मुलांनी आपल्याकडे कागद नाहीत म्हणून निराश होऊ नये. गावच्या जुन्या महजरात खापरपणजोबाचे नाव असण्याचा संभव आहे. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर, काशी येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्याही पाहाव्यात. तेथे गाव व आडनाव सांगितले की पिढ्या उलगडतात, आणि त्या नोंदींचा जमिनीच्या वादाशी संबंध नसल्यामुळे त्यांत खोट मिसळण्याचे कारणही कमी असते.

वंशावळीतून गळलेल्या आया

या सर्व वंशावळींत एक मोठी उणीव आहे, आणि सीमाभागात ती विशेष महत्त्वाची ठरते. त्यांत स्त्रिया नाहीत. बापाखाली मुलगा, मुलाखाली नातू, अशी एक सरळ रेघ खाली उतरत जाते. कोणती सून कोणत्या गावाहून आली, कोणती भाषा घेऊन आली, याचा पत्ता लागत नाही. सासरी नाव बदलल्यामुळे तिचे मूळ नावही पुसले जाते.

आमच्या भागात सोयरिका खानापुरापासून गडहिंग्लजपर्यंत होत, तशा गोकाक, बैलहोंगल, धारवाड या कानडी मुलखातही होत. अनेक मराठी घरांत आजी स्वयंपाकघरात कानडी बोले आणि देवघरात तुकोबांचे अभंग म्हणे. ती आजी वंशावळीत नाही, म्हणून वंशावळ अस्सल मराठी दिसते. तिला तिच्या जागी बसवले की रेघेचे जाळे होते, आणि त्या जाळ्यात मराठी, कानडी, कोंकणी हे धागे एकमेकांत गुंतलेले दिसतात. शुद्ध कुळाचा अभिमान हा अशा रीतीने घरातील अर्ध्या माणसांना विसरून उभा केलेला अभिमान आहे. विशेष म्हणजे श्राद्धाच्या संकल्पात आई, आजी, पणजी यांची नावे उच्चारण्याची रीत आहे. जे नाव पिंडदानाला आठवते, ते कुळाच्या इतिहासात लिहिण्यास हरकत कसली?

भोसले कुळाचे उदाहरण

ज्या कुळाचा मराठी माणसाला सर्वांत अधिक अभिमान, त्या भोसले कुळाच्या मूळाविषयीही अभ्यासकांत मतभेद आहेत. एक परंपरा त्यांचा संबंध मेवाडच्या सिसोदियांशी जोडते. त्यासाठी मुधोळच्या घोरपडे घराण्याकडील फर्मानांचा दाखला दिला जातो, आणि त्या फर्मानांच्या विश्वसनीयतेवरही वाद झालेला आहे. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी शिखर शिंगणापूरच्या शंभुमहादेवाचा अभ्यास करताना वेगळे मत मांडले. भोसल्यांचे मूळ त्यांनी कर्नाटकातील सोरटूर येथे, होयसळांशी संबंधित कुळात शोधले. हेही मत सर्वमान्य झालेले नाही.

पण क्षणभर धरून चालू की यांपैकी कोणतेही मत उद्या निर्विवाद सिद्ध झाले. त्याने शिवछत्रपतींचे मराठीपण रतिभरही कमी होईल काय? फारसीने भरलेल्या राज्यकारभाराला पर्यायी शब्द देणारा राज्यव्यवहारकोश त्यांनी करवून घेतला. भाषेशी नाते जडले ते त्यांच्या कर्तृत्वातून. मूळपुरुष मेवाडचा की सोरटूरचा, यावर ते अवलंबून नव्हते.

धारवाडकडे पाहा. द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी, पण ते कन्नडचे महाकवी झाले आणि ज्ञानपीठ पुरस्काराने गौरवले गेले. त्याच धारवाडात अध्यापन करीत जी. ए. कुलकर्णी यांनी मराठी कथेला नवे आयुष्य दिले. बेंद्र्यांची वंशावळ काढून कन्नडिगांनी त्यांना परके ठरवावे काय? तसे कोणी केले नाही, हा कन्नड समाजाचा मोठेपणा आहे. आमची मागणी इतकीच की हाच न्याय सीमाभागातील मराठी शेतकऱ्यालाही लावावा. त्याच्या घराची भाषा आज मराठी आहे, एवढे पुरे व्हावे.

हक्क कशावर उभा आहे

राज्यघटनेचे कलम ३५०-अ याच विचाराचे आहे. १९५६ साली सातव्या दुरुस्तीने ते घटनेत आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करावी, असे ते सांगते. मुलाचा पूर्वज कोणत्या सनात, कोणाच्या फौजेबरोबर आला, असे ते विचारत नाही. आज मूल घरी कोणती भाषा बोलते, एवढाच त्याचा प्रश्न आहे. मग आपणच वंशावळी फडकावून आपला भक्कम पाया सोडून डळमळीत जमिनीवर का जावे? आज वंशाच्या जोरावर हक्क मागितला, तर उद्या कोणी त्याहून जुना ताम्रपट काढील आणि आपल्याजवळ उत्तर उरणार नाही.

आता काय करावे

मग कुळाचा शोध घेऊच नये काय? अवश्य घ्यावा. आपली माणसे कशी जगली, दुष्काळात कोठे गेली, कोणाच्या आश्रयाने राहिली, हे जाणण्यासाठी घ्यावा. कोणावर मात करण्यासाठी घेऊ नये. त्यासाठी वाचकांपुढे आमच्या काही सूचना आहेत.

घरातील जुने कागद फेकू नयेत, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नयेत, चिकटपट्टीने जोडू नयेत. मोबाइलवर त्यांची स्वच्छ छायाचित्रे काढून ती दोन-तीन ठिकाणी ठेवावीत. प्रत्येक घरातील एका तरी मुलाने वा मुलीने मोडी शिकावी. घरातील सर्वांत वृद्ध स्त्रीजवळ बसून तिच्या आईचे, आजीचे, माहेरच्या गावाचे नाव आजच लिहून घ्यावे. कागद उद्याही थांबतील, तिचे तसे नाही. वंशावळ लिहिताना कोणते नाव कागदावरून घेतले आणि कोणते ऐकीव आहे हे शेजारी नोंदवावे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, हैदराबाद येथील ज्या वाचकांच्या आडनावात आमच्या मुलखातील गावे आहेत, त्यांनी त्या गावांशी पत्रव्यवहार सुरू करावा. तुमच्याकडे कदाचित कागद असतील आणि गावाचा पत्ता हरवला असेल. आमच्याकडे गाव आहे, पण कागद बाहेर गेलेले आहेत.

आणि शोधात एखादी कानडी पणजी सापडली तर तिचे नाव ठळक अक्षरांत लिहावे. तिने आपल्या मुलांना मराठीत वाढवले म्हणूनच आज आपण हा लेख वाचू शकतो.